स्पंजाचे रसायन आणि एकोडीचे तलाव

एकोडी हे भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातले गाव. अरबी समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर आणि बंगालचा उपसागरही तसाच. इथे पडलेला पाऊस वैनगंगेतून प्राणहितेत, प्राणहितेतून गोदावरीत आणि शेवटी आंध्रच्या किनाऱ्यावर समुद्रात जातो. या गावाचा समुद्राशी एवढाच काय तो संबंध, असे कुणालाही वाटेल. मग समुद्री स्पंजांत सापडणाऱ्या औषधी रसायनांची चर्चा एकोडीच्या संदर्भात कशासाठी करायची? माझे उत्तर असे की, गेल्या दोनशे वर्षांत स्पंजांच्या रसायनांनी माणसाला जे दिले ते समुद्रातून स्पंज उपसून मिळालेले नाही. हा प्राणी नीट ओळखला, त्याच्यात काय आहे ते समजून घेतले, म्हणून ते मिळाले. ओळखण्याचे हे काम जिथे जिथे स्पंज आहेत तिथे करावे लागते. मालवणच्या खडकांवर करावे लागते, तसेच पूर्व विदर्भातल्या जुन्या तलावांतही करावे लागते. महाराष्ट्रात या कामाची सुरुवात फार लवकर झाली आणि नंतर ते मागे पडले. ते पुन्हा हाती घेतले पाहिजे आणि त्याची एक जागा एकोडीसारख्या गावात आहे, हे मला इथे मांडायचे आहे.

स्पंज हा प्राणी आहे, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेले असते. तो जगतो कसा हे लक्षात घेतले की त्याच्या रसायनांचे कोडेही सुटू लागते. त्याला तोंड नाही, पोट नाही, मज्जासंस्था नाही. अंगभर छिद्रे, आत कालव्यांचे जाळे आणि त्या कालव्यांतल्या पोकळ्यांना अस्तरासारख्या लागलेल्या बारीक शेपटीच्या पेशी. या शेपट्या सतत हलत राहतात आणि पाणी आत ओढतात. पाण्यातले जिवाणू आणि सेंद्रिय कण गाळून घ्यायचे आणि पाणी बाहेर सोडायचे, हाच त्याचा दिनक्रम. एका जागी चिकटलेला, कवच नसलेला, पळू न शकणारा हा जीव आजूबाजूचे मासे, गोगलगायी, अंगावर चढू पाहणारे शेजारी आणि पाण्याबरोबर आत शिरणारे असंख्य जिवाणू यांना तोंड देत कोट्यवधी वर्षे टिकून आहे. बहुतेक जातींच्या अंगात सिलिकाचे किंवा चुन्याचे सूक्ष्म काटे असतात, पण खरी भिस्त रसायनांवर. एखादे रसायन माशाला चव नकोशी करते, एखादे शेजाऱ्याच्या पेशींचे विभाजन थांबवते, एखादे जिवाणूंची वाढ रोखते. पाण्यात सोडलेली कोणतीही गोष्ट लगेच विरळ होत जाते. त्यामुळे उपयोगी पडायचे तर हे रसायन अत्यल्प प्रमाणातही जालीम असावे लागते. माणसाच्या रोगांवर औषध शोधणाऱ्यांना या संयुगांचे आकर्षण वाटते त्याचे मूळ इथे आहे.

या शोधाचा सर्वांत जुना धडा गलगंडाचा आहे. युरोपात गलगंडावर समुद्री स्पंज जाळून त्याची राख देण्याची पद्धत मध्ययुगापासून होती. काही रोग्यांना गुण यायचा, काहींना यायचा नाही, आणि का ते कुणाला सांगता येत नसे. १८११ मध्ये फ्रान्समध्ये बर्नार्ड कूर्त्वा यांना समुद्री शेवाळाच्या राखेत आयोडीन सापडले. १८२० मध्ये जिनिव्हाचे डॉक्टर झां-फ्रान्स्वा क्वांदे यांनी तर्क बांधला की स्पंजाच्या राखेचा गुण आयोडीनचाच असणार, आणि त्यांनी रोग्यांना थेट आयोडीन दिले. तिथून पुढे स्पंजाची गरज संपली. पुढच्या जवळपास दीडशे वर्षांत आयोडीनचे प्रमाण ठरले, ते मिठात मिसळण्याची कल्पना आली आणि भारतात १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. एकोडीच्या किराणा दुकानात आज आयोडीनयुक्त मिठाची जी पुडी मिळते, तिच्या वंशावळीत ती जुनी राख आहे. राखेतली नेमकी कोणती गोष्ट काम करते हे कळेपर्यंत जगातले सगळे स्पंज जाळले असते तरी डोंगराळ भागातल्या लाखो माणसांचा गलगंड बरा झाला नसता. ते कळल्यावर एकही स्पंज जाळायची गरज उरली नाही.

आयोडीन हे साधे मूलद्रव्य आहे, ते स्पंजाशिवायही मिळते, तेव्हा हा दाखला गुंतागुंतीच्या रेणूंना लागू पडत नाही, असे कुणी म्हणेल. म्हणून सायटाराबिनची हकिकत पाहावी. फ्लोरिडाच्या उथळ किनाऱ्यावर मिळालेल्या एका स्पंजाला १९४९ मध्ये मॅक्स द लाउबेनफेल्स या स्पंजतज्ज्ञाने नवी जात म्हणून नाव दिले, क्रिप्टोटेथिया क्रिप्टा. पुढच्या दोन वर्षांत वर्नर बर्गमन आणि रॉबर्ट फीनी यांनी त्याच स्पंजातून दोन न्यूक्लिओसाइड वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. डीएनए आणि आरएनए ज्या घटकांपासून बनतात त्यांचेच हे भाऊबंद, पण त्यांच्यातली साखर वेगळी होती. नेहमीच्या रायबोजच्या जागी अरॅबिनोज होती. त्या काळी जीवशास्त्रात समज असा होता की नायट्रोजनयुक्त भाग बदलला तरी चालेल, पण साखर मात्र रायबोज किंवा डीऑक्सिरायबोजच हवी. या स्पंजाने तो समज मोडला. साखर बदललेला घटक पेशी आपला समजून उचलते, डीएनएच्या साखळीत बसवते आणि तिथे साखळीची वाढ अडते. ही कल्पना धरून रसायनशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये प्रयोगशाळेत सायटाराबिन तयार केले आणि १९६९ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. रक्ताच्या एका तीव्र प्रकारच्या कर्करोगात आजही उपचाराचा कणा हेच औषध आहे. ते भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. साकोलीकडचा असा रुग्ण नागपूरला किंवा मुंबईला भरती होतो तेव्हा त्याच्या सलाइनमधून सात दिवस जे औषध जाते, ते बहुतेक वेळा हेच असते. आणि सायटाराबिन जसेच्या तसे त्या स्पंजात नव्हते. स्पंजाकडून फक्त कल्पना मिळाली. ती मिळाली, कारण त्याआधी कुणीतरी तो प्राणी हातात घेऊन हा आपल्या ओळखीचा नाही, हा नवा आहे, असे ठरवले होते.

माल उपसण्याचा मार्ग किती तोकडा आहे हे हॅलिकॉन्ड्रिनच्या प्रकरणाइतके स्पष्ट दुसरीकडे कुठेच दिसत नाही. हॅलिकॉन्ड्रिया ओकादाई हा जपानच्या किनाऱ्यावरचा स्पंज. हिराता आणि उएमुरा या जपानी शास्त्रज्ञांनी १९८६च्या सुमारास त्यातून हॅलिकॉन्ड्रिन-बी वेगळे केले. त्यासाठी ६०० किलो स्पंज लागला आणि हाती आले १२.५ मिलिग्रॅम. भंडाऱ्यात पिकणाऱ्या तांदळाच्या एका दाण्याचे वजनही याहून जास्त भरते. प्राण्यांवरच्या पहिल्या चाचण्यांत हा रेणू विलक्षण परिणामकारक ठरला आणि लगेच प्रश्न उभा राहिला की पुढच्या चाचण्यांना तो आणायचा कुठून. न्यूझीलंडच्या कैकोरा किनाऱ्याजवळ लिसोडेंडोरिक्स नावाच्या दुसऱ्या स्पंजात तो थोडा जास्त होता. तिथे आधी समुद्रतळावर किती स्पंज आहे याची मोजणी झाली, मग एक टन काढायला परवानगी मिळाली. त्या एका टनातून सुमारे ३०० मिलिग्रॅम रेणू निघाला. जगभरच्या रुग्णांची गरज या हिशेबाने भागवायची तर तो स्पंज काही वर्षांत नामशेष झाला असता आणि त्याबरोबर औषधही. ही अडचण हार्वर्डचे योशितो किशी यांनी १९९२ मध्ये सोडवली. त्यांनी हा अवाढव्य रेणू प्रयोगशाळेत शून्यापासून बांधून दाखवला. बांधताना असे लक्षात आले की रेणूचा अर्धाच भाग काम करतो. तेवढ्या अर्ध्या भागाचे सुधारलेले रूप म्हणजे एरिबुलिन. ते ६० हून अधिक रासायनिक टप्प्यांनी बनते आणि २०१० मध्ये पसरलेल्या स्तनकर्करोगावर मान्य झाले. आज या औषधासाठी एकही स्पंज समुद्रातून काढावा लागत नाही.

यात आणखी एक पदर आहे. थिओनेला स्विनहोई या स्पंजातून मिळालेली कितीतरी संयुगे मुळात स्पंज बनवतच नाही. त्याच्या अंगात राहणारा एक जिवाणू ती बनवतो, हे यॉर्न पील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले. त्या जिवाणूला एंटोथिओनेला म्हणतात. म्हणजे स्पंज हे एकट्या प्राण्याचे शरीर नसून एक वस्ती आहे आणि औषध त्या वस्तीतल्या एखाद्या रहिवाशाचे असू शकते. स्पंज तोडून घरी आणला तर ही वस्ती मोडते. तो जिथे आहे तिथेच, त्याच्या पाण्यासह अभ्यासला तरच कोण काय बनवतो हे कळते. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे मला गरजेचे वाटते. स्पंजांपासून हजारो संयुगे वेगळी केली गेली आहेत आणि त्यांतली औषध म्हणून रुग्णापर्यंत पोचलेली बोटांवर मोजण्याइतकी आहेत. डिस्कोडर्मोलाइडसारखा रेणू एका बड्या कंपनीने मोठ्या कष्टाने प्रयोगशाळेत बनवला, माणसांवर पहिल्या टप्प्याच्या चाचण्याही केल्या आणि मग काम थांबवले. समुद्राच्या पोटात औषधांचा खजिना आहे, हे वाक्य वर्तमानपत्रांत वारंवार येते. मला ते घातक वाटते. खजिना म्हटले की लोक कुदळ घेऊन निघतात आणि इथे उपयोग कुदळीचा नाही, सूक्ष्मदर्शकाचा आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की रसायनशास्त्रज्ञ इतके समर्थ झाले आहेत आणि आता तर संगणकच नवे रेणू सुचवतो, तर जिवंत स्पंजाची गरज काय? हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. किशींनी हॅलिकॉन्ड्रिन बांधला हेच त्याचे उदाहरण म्हणून पुढे करता येईल. पण किशींनी तो बांधला तेव्हा त्यांच्यासमोर नकाशा होता आणि तो स्पंजाने काढलेला होता. असा रेणू असू शकतो आणि तो पेशीतल्या सूक्ष्मनलिकांची वाढ अशा रीतीने अडवू शकतो, हे स्पंज भेटण्याआधी कुणाच्याही डोक्यात आले नव्हते. अरॅबिनोजचीही गोष्ट तीच. पाठ्यपुस्तकाने नाकारलेली शक्यता एका प्राण्याने प्रत्यक्षात आणलेली होती. संगणक जे शिकतो ते आपण त्याला दिलेल्या नोंदींतूनच शिकतो. नोंदी जितक्या मोठ्या आणि खऱ्या, तितका तो उपयोगी. कृत्रिम रसायनशास्त्राने स्पंज तोडण्याची गरज संपवली आहे. स्पंज ओळखण्याची गरज मात्र त्याने वाढवली आहे, कारण आता एका नमुन्यातून मिळालेली माहितीही कामाला येते.

ओळखण्याच्या या कामाची महाराष्ट्रातली परंपरा थोर आहे. हेन्री जॉन कार्टर हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला शल्यचिकित्सक मुंबईत होता. त्याने मुंबई बेटावरच्या तलावांत वाढणारे गोड्या पाण्याचे स्पंज वर्षानुवर्षे पाहिले आणि १८४९ मध्ये त्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. स्पॉन्जिला अल्बा ही आज जगभर ओळखली जाणारी जात त्याने त्या निबंधात वर्णिली आहे. पुढे इंग्लंडला परतल्यावर कार्टर समुद्री स्पंजांचा एकोणिसाव्या शतकातला एक प्रमुख अभ्यासक झाला आणि त्याने शेकडो जाती वर्णिल्या, पण त्याची नजर तयार झाली ती मुंबईच्या तलावांकाठी. भारतातल्या तलावांत सर्रास आढळणाऱ्या एका जातीला त्याच्याच नावावरून कार्टेराय हे नाव मिळाले. १९११ मध्ये नेल्सन अॅनंडेल यांनी ब्रिटिश भारतातल्या गोड्या पाण्याच्या स्पंजांवर ग्रंथ लिहिला. १९१६ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था उभी राहिली तेव्हा तेच तिचे पहिले संचालक झाले. समुद्राच्या बाजूने पाहिले तर १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला इथे आहे. तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या स्पंज, प्रवाळ आणि शेवाळ यांच्या संयुगांवर काम केले. समुद्रातून औषधे शोधण्याचा एक राष्ट्रीय प्रकल्पही चालला. त्याची सूत्रे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेकडे होती आणि गोव्याची संस्था त्यात सहभागी होती. पुण्यात श्रीराज जाखलेकर आणि हेमंत घाटे यांनी २०१३ मध्ये परिसरातल्या गोड्या पाण्याच्या पाच जातींवर टिपण प्रसिद्ध केले. त्यात एका जातीची पुण्यातली पहिलीच नोंद होती. कार्टरनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी आणि पुण्यासारख्या विद्येच्या शहराशेजारी अशी पहिली नोंद होते, यावरून बाकीच्या महाराष्ट्रात किती काम पडून आहे याचा अंदाज यावा.

आता एकोडीकडे येतो. पूर्व विदर्भातले माजी मालगुजारी तलाव, ज्यांना सगळे मामा तलाव म्हणतात, ते कोहळी समाजाने आणि इतर गावकऱ्यांनी काही शतकांपूर्वी बांधले. मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. भातशेती, मासेमारी आणि गुरांचे पाणी या तिन्ही गोष्टी आजही त्यांच्यावर चालतात. गोड्या पाण्याचा स्पंज शोधायची हीच जागा. पावसाळ्यानंतर पाणी निवळले की बुडालेल्या फांद्यांवर, दगडांच्या खालच्या बाजूला, तुडुमाच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या दाराच्या, जुन्या बांधकामावर राखी, पिवळट किंवा हिरवट रंगाचे खरखरीत पापुद्रे धरतात. हिरवटपणा आत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा. बहुतेकांना तो शेवाळाचाच थर वाटतो. बोटाने चोळले तर काचेच्या चुऱ्यासारखे टोचते, कारण अंगात सिलिकाचे काटे आहेत. चैत्र-वैशाखात पाणी उतरले की हा पापुद्रा उघडा पडतो, वाळतो आणि ठिसूळ होतो. स्पंज मेला असे वाटते. पण त्याच्या बुडाशी मिलिमीटरहून लहान, गोल, टणक असे दाणे चिकटलेले असतात. त्यांना जेम्यूल म्हणतात. हे दाणे महिनोन्महिने कोरडे राहतात आणि मृगाच्या पावसानंतर तलाव भरू लागला की त्यांतून नवा स्पंज उगवतो. जात ओळखायची ती प्रामुख्याने याच दाण्यांवरून, कारण त्यांच्या कवचावरचे काटे जातीगणिक वेगळे असतात. वाळका तुकडा नायट्रिक आम्लात टाकून सेंद्रिय भाग विरघळवला की नुसते काटे उरतात. ते धुऊन काचपट्टीवर घेतले की महाविद्यालयातल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. आम्लाचे काम मात्र प्रयोगशाळेत आणि जाणत्याच्याच हाताने व्हावे.

इथे दुसरा आक्षेप येतो. औषधे मिळाली ती समुद्री स्पंजांतून. तलावातल्या स्पंजांतून एकही औषध आलेले नाही. मग एकोडीला यातून काय मिळणार? तलावातल्या स्पंजातून उद्या कर्करोगाचे औषध निघेल असे मी म्हणत नाही आणि तसे कुणी गावात येऊन म्हणू लागला तर त्याच्यापासून सावध राहावे. गोड्या पाण्याच्या स्पंजांच्या रसायनावर समुद्री स्पंजांच्या तुलनेत फारच थोडे काम झाले आहे. त्यातले बरेचसे मेदाम्ले आणि स्टेरॉल यांच्यापुरते आहे. रशियातल्या बैकल सरोवरातल्या स्पंजांत राहणाऱ्या जिवाणूंमध्ये प्रतिजैविकांसारखी संयुगे बनवणाऱ्या जनुकांचा माग लागला आहे. हे चित्र आशादायक आहे, पण आशेपलीकडे अजून गेलेले नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. कार्टेराय या जातीच्या पेशींवर कोलकात्याच्या संशोधकांनी बरेच काम केले आहे. पाण्यात मिसळणारी रसायने स्पंजाच्या पेशींवर काय परिणाम करतात हे त्यांनी तपासले. पाणी गाळून जगणाऱ्या प्राण्याच्या अंगात तलावाची तब्येत लिहिलेली असते. धानावर फवारलेले कीटकनाशक बांधावरून वाहत तलावात येते, त्याच तलावातले मासे गाव खाते आणि तिथलेच पाणी गुरे पितात. अशा तलावात गेल्या वर्षी होता तो स्पंज यंदा का नाही, हा प्रश्न एकोडीच्या जगण्याचाच आहे. त्याचे उत्तर शोधायला औषध सापडण्याची वाट पाहावी लागत नाही. शिवाय ज्या हातांना आणि डोळ्यांना तलावातला स्पंज ओळखता येतो, तेच उद्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर कामाला येतात. कार्टरच्या बाबतीत नेमके हेच घडले.

तिसरा आक्षेप मला सर्वांत नैतिक वाटतो. रसायनाचे मोल माहितीत आहे असे म्हटले की माहिती नेणारा श्रीमंत होतो आणि ज्याच्या पाण्यात तो जीव होता त्या गावाच्या हाती काही राहत नाही. माल निदान अडवता येतो, माहिती कशी अडवणार? भीती खरी आहे, पण तिचे उत्तर माहिती दडवण्यात नाही. ती स्वतः आधी आणि नीट नोंदवण्यात आहे. हळदीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये एका विद्यापीठाला मिळाले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. ते रद्द झाले जुन्या लिखित पुराव्यांच्या जोरावर. आमची आजी हळद लावायची, एवढ्यावर ते आव्हान टिकले नसते. स्पंजाला तर आजीचाही आधार नाही. लोकज्ञानात त्याची जागा जवळपास नाहीच. म्हणून त्याच्या बाबतीत गावाचा हक्क एकाच गोष्टीवर उभा राहू शकतो. हा नमुना अमुक तलावातून, अमुक दिवशी, अमुक व्यक्तीने घेतला आणि अमुक संग्रहालयात अमुक क्रमांकाने ठेवला, ही ती नोंद.

या नोंदीची कायदेशीर जागा तयार आहे. २००२च्या जैवविविधता कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सांगितली आहे. महाराष्ट्राचे राज्य मंडळ नागपूरला आहे. राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर देशभर नोंदवह्या झपाट्याने तयार झाल्या. घाईत झालेल्या कामात झाडे, पक्षी, पिके येतात, पण दगडाखाली चिकटलेला प्राणी येत नाही. राज्याने २०२२ मध्ये महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाला मान्यता दिली. त्यासाठी पाच वर्षांत १७२ कोटींहून अधिक रुपयांची तरतूद आहे आणि त्याच्या विषयांत सागरी जैवविविधता आहे, तशीच गोड्या पाण्यातली जैवविविधताही आहे. स्पंज हा या दोन्हींत बसणारा प्राणी. त्याच्यासाठी वेगळी योजना मागण्याची गरज नाही, आहे त्या योजनेत त्याचे नाव घालायचे आहे.

क्षयरोग, कुपोषण, शेतमालाचा भाव हे प्रश्न असताना स्पंजावर पैसा का, असेही विचारले जाईल. याचे उत्तर थोडक्यात देता येते. या कामाला लागणारा पैसा किरकोळ आहे. अल्कोहोलची बाटली, चिठ्ठी, सूक्ष्मदर्शक आणि शिकवणारा माणूस एवढेच लागते. यांतला शिकवणारा माणूसच दुर्मीळ आहे, कारण प्राण्यांचे वर्गीकरण शिकून नोकरी मिळत नाही असे विद्यार्थ्यांना वाटते आणि त्यांचे फारसे चुकत नाही. ही कमतरता विद्यापीठांनी भरून काढायची आहे. आपल्या भागात उत्साहाची वाण नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवर समाजातील मच्छीमारांबरोबर काम करून तलावांत स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या, बेशरम ही तणवनस्पती काढली आणि देशी मासे परत यावेत म्हणून खटपट केली. या मच्छीमारांना पाण्याखालचे जेवढे दिसते तेवढे कुठल्याही प्राध्यापकाला दिसत नाही. त्यांच्या यादीत स्पंज यायला फार वेळ लागणार नाही. उलट गाळ काढण्याच्या कामांत तलावाचा तळ आणि काठ जेसीबीने सरसकट खरवडला जातो, तेव्हा वाळलेल्या पापुद्र्यांतले जेम्यूल गाळाबरोबर शेतात जातात. गाळ काढायला हवा, यात वाद नाही. पण काठाचा काही भाग, जुन्या दगडांचा एखादा पट्टा न खरवडता ठेवला तर कामाचा खर्च वाढत नाही आणि पुढच्या पावसाळ्यात तलावात बीज शिल्लक राहते.

म्हणून एकोडीच्या ग्रामपंचायतीला आणि तिच्या जैवविविधता समितीला, मत्स्य सहकारी संस्थेतल्या ढीवर बांधवांना आणि साकोलीच्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या शिक्षकांना विनंती आहे. येत्या उन्हाळ्यात पाणी उतरेल तेव्हा तलावाच्या काठाचे दगड आणि अडकलेल्या फांद्या उलटून पाहा. वाळका पापुद्रा दिसला तर सगळा खरवडू नका. त्यातला नखाएवढा तुकडा, बुडाच्या दाण्यांसह घ्या आणि कागदाच्या पाकिटात ठेवा. तलावाचे नाव, तारीख, पाण्याची खोली आणि घेणाऱ्याचे नाव पाकिटावर पेन्सिलीने लिहा. त्यातला अर्धा भाग महाविद्यालयात ठेवा आणि अर्धा पुण्यात आकुर्डीला असलेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम प्रादेशिक केंद्राकडे पाठवा. त्याच दिवशी गावाच्या नोंदवहीत स्पंजासाठी एक पान उघडा.